बोर्डावरचा देश

मी पुढच्या शिक्षणाला कुठल्या देशात जाणार, हे मला आमच्या फाट्यावर कळलं.

अंबाजोगाईहून घाटनांदूरकडे येणारी बस फाट्याला थांबण्यासाठी हळू झाली आणि पानटपरीशेजारी बांबूंना ताणून बांधलेला मोठा फ्लेक्स दिसला. आमच्याकडे त्याला बोर्ड म्हणतात. कुणाचा तरी वाढदिवस असेल म्हणून मी नजर फिरवणार होते, तेवढ्यात त्यावर मी दिसले. अंगात काळा झगा, डोक्यावर चौकोनी टोपी. दोन्ही मी जन्मात घातलेली नाहीत. चेहरा ताईच्या लग्नातल्या फोटोतून उचललेला होता, त्यामुळे टोपीखाली कपाळावर चंद्रकोर आणि कानामागे अर्धवट कापलेला गजरा. गळा तर माझा नव्हताच. वर नेतेमंडळींची रांग, कोपऱ्यात विमान आणि मधे ठसठशीत अक्षरं: 'गावची कन्या उच्च शिक्षणासाठी जर्मनीला रवाना. हार्दिक अभिनंदन.' शेजारी झेंडा होता, तो बेल्जियमचा.

रवाना झालेली कन्या तेव्हा एका हातात मेथीची जुडी आणि दुसऱ्या हातात वडिलांच्या गुडघ्याला लावायच्या तेलाची बाटली घेऊन बसमधून उतरत होती. आणि मुख्य म्हणजे ती जर्मनीला जाणार नव्हती. आठवडाभर डोकं पिकवून तिनं आयर्लंडचं ठरवलं होतं, आणि तेच सांगायला ती घरी आली होती.

टपरीवाल्यानं पान लावता लावता हात वर केला. "आभिनंदन! लई भारी बोर्ड झालाय, न्हाई?"

"लई," मी म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

आमच्या गावात मुलगी पास झाली की बोर्ड, मुलगा पोलिसात लागला की बोर्ड, ग्रामपंचायतीचा निकाल लागला की बोर्ड आणि निकाल लागायच्या आधीही बोर्ड. एकदा बांबूवर चढलं की ते खरं. बोर्डावर लागलेली सोयरीक मोडली म्हणून एका घरानं चार महिने फाट्यावरून जाणं-येणं सोडलं होतं, रानातून वळसा घालून जायचे. त्यामुळे फाट्यापासून घरापर्यंत चालताना भेटलेल्या प्रत्येकाला मी 'हो, हो' म्हणत होते आणि मनातल्या मनात बोर्ड फाडत होते.

हे दोन देश माझ्या वाट्याला कसे आले ते सांगायला हवं. अंबाजोगाईत मी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन पदवी केली आणि तिथंच एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासायला लागले. काम वाईट नव्हतं. पण रोज त्याच बाटल्या, तेच अहवाल, आणि माझ्या हाताखालून जाणाऱ्या माणसांपैकी एकाचंही तोंड मला दिसायचं नाही. पुढं शिकावंसं वाटत होतं. परदेशातले अर्ज मी मोबाइलवर, दुपारच्या सुट्टीत, डबा खाता खाता भरले. कुणाला सांगितलं नाही, कारण नकार आला तर तो एकटीनं पचवणं सोपं जातं. आणि उन्हाळ्याच्या तोंडाला दोन ठिकाणांहून होकार आले.

आयर्लंडचा अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. विषय खाद्यपदार्थांच्या तपासणीचा, म्हणजे लॅबमध्ये करत होते त्याचाच थोरला भाऊ. जर्मनीचा दोन वर्षांचा, आणि तिथून पुढे संशोधनात राहायची वाट होती, म्हणजे दोनाची पाच कधी होतील याचा नेम नाही. विषय होता रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जंतू. गवताचं दूध आणि मांस ज्यांच्यामुळे होतं ते. दोन्हीकडे शिष्यवृत्ती मिळत होती, त्यामुळे पैशाचा प्रश्न नव्हता. तो असता तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटायचं, कारण मग त्यानंच निकाल लावून टाकला असता.

आमचं घर मेंढरांचं. आजोबा कळप घेऊन महिनोन्‌महिने रानोमाळ हिंडायचे. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, थोडी जमीन धरली, कळप लहान केला आणि गावाला चिकटून राहिले. आई तीन वर्षांपूर्वी गेली. ताईला धर्मापुरीला दिलेली. मी अंबाजोगाईत खोली करून. म्हणजे घरात अण्णा, मेंढरं आणि एक कुत्रं. शनिवारी मी गावी जायचे आणि रविवारी भाकरी करून ठेवून परत निघायचे. त्या भाकरी दोन दिवस पुरत असतील. पुढं काय खाता हे मी विचारणं सोडलं होतं, कारण उत्तर "खातो की" एवढंच यायचं.

तेव्हा आयर्लंड की जर्मनी असा प्रश्न खरं तर नव्हताच. अण्णांना किती काळ एकटं ठेवायचं, हा प्रश्न होता. आणि मला जर्मनी हवं होतं. इतकं हवं होतं, की ते नाव मनात आलं तरी आपण काहीतरी चोरतोय असं वाटायचं.

विचारायचं कुणाला? खोलीतल्या दोघी मैत्रिणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासात बुडालेल्या. एकीनं पुस्तकातून मान वर करून "जर्मनीची राजधानी बर्लिन, आयर्लंडची डब्लिन," एवढं सांगितलं आणि मान परत खाली घातली. कॉलेजातल्या सरांनी आशीर्वाद दिला आणि दोन्ही उत्तम असल्याचं सांगितलं. इंटरनेटवर तर जगभरातली मुलं हेच विचारत होती आणि जगभरातली मुलं उत्तरंही देत होती: हवामान, नोकऱ्या, घरभाडं, व्हिसा. मी रोज वाचायचे. 'घरी एकटे वडील आहेत आणि ते स्वतःहून काही मागत नाहीत' अशा माणसासाठी कुठला देश चांगला, हे कुणी लिहिलेलं नव्हतं.

आमच्या जिल्ह्यातून लोक बाहेर जात नाहीत असं नाही. दिवाळी झाली की गावंच्या गावं ऊस तोडायला निघतात. पण ती जातात नवरा-बायको जोडीनं, टोळीनं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चूल-भांडी आणि कोंबड्यासुद्धा घालून. जाताना सगळं गाव फाट्यावर असतं आणि गेलेलं माणूस कुठल्या कारखान्यावर आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. एकट्यानं कसं जायचं, याची आमच्याकडे रीतच नाही. मला कुणाची वाट पुसायची सोय नव्हती. लॅबमधून खोलीवर आल्यावर मी फोन हातात घेऊन बसायचे आणि कुणाला लावायचा ते सुचायचं नाही. मला तेव्हा फार एकटं वाटायचं. आई असती तर तिनं काहीतरी चुकीचं का होईना, ठाम सांगितलं असतं.

शेवटी एका शनिवारी अण्णांना सांगितलं. दिवस मावळायला आला होता, मेंढरं नुकतीच रानातून परतली होती. आमच्याकडे कोकरं दिवसभर घरी कोंडून ठेवतात, आया तेवढ्या चरायला जातात. संध्याकाळी कोंडवाड्याचं दार उघडलं की जो कालवा होतो तो ऐकण्यासारखा असतो. प्रत्येक कोकरू ओरडतं, प्रत्येक मेंढी ओरडते, आणि त्या सगळ्या गोंधळात ज्याची आई त्याला मिळते. मग एकदम शांत. आई गेल्यापासून आमच्या घरात दिवसातला मोठा आवाज तेवढाच.

तो कालवा निवल्यावर मी चहा करून आणला आणि सगळं सांगितलं. जर्मनीचं सांगितलं. मेंढरू गवत खातं खरं, पण गवत पचवतात ते त्याच्या पोटातले जंतू, एका थेंबात मोजता येणार नाहीत एवढे, कोवळा पाला खाऊन पोट फुगतं ते त्यांच्यामुळेच, आणि ते सगळं तिथं मोठमोठ्या यंत्रांवर बघता येतं, वगैरे वगैरे. हातवारे करून सांगत होते बहुतेक, कारण कुत्रं उठून लांब जाऊन बसलं. मग मी म्हणाले, "अन् दुसरं आयर्लंड. एका वर्षाचं."

अण्णांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मनाजोगतं कुठलं हाय?"

"दोन्ही सारखीच आहेत," मी म्हणाले.

"आसं."

"तुम्ही सांगा ना, कुठं जाऊ?"

"मला काय कळतंय त्यातलं? तुला कळंल तसं कर."

"तरी तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? तुला काय वाटतं ते बग."

असं आमचं बराच वेळ चाललं. लग्नाच्या पंगतीत दोन माणसं एकमेकांच्या ताटात जिलेबी ढकलत राहतात, तसं. दोघांनाही खायची असते आणि दोघंही नको म्हणतात. मग मी वेगळी युक्ती केली. मोबाइलवर आयर्लंडच्या मेंढ्यांचे फोटो काढून दाखवले. हिरवंगार रान, वर ढग आणि अंगावर ढिगानं लोकर असलेल्या गुबगुबीत मेंढ्या. अण्णा खुलले. आईच्या माघारी पहिल्यांदाच त्यांना एखाद्या गोष्टीत जीव घालून बघताना मी पाहिलं.

"आयाया, काय माल हाय!" ते म्हणाले. मग लगेच काळजीत पडले. "पर एवढ्या वल्ल्यात पाय सडत नसतील का गं ह्यांचे?"

"त्यावर इलाज असेल त्यांच्याकडे."

"दाव बरं परत." मी परत दाखवले. झोपायच्या आधी त्यांनी पुन्हा एकदा मागून घेतले.

मला वाटलं, झालं. अण्णांनी सांगितलं नाही, पण सांगितलं. दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला तेव्हा तिनं उरलीसुरली कसर भरून काढली. "एका वर्साचं हाय ना? मग जा अन् ये. जर्मनीचं डोक्यातून काड. दोन-दोन वर्सं त्यांचं कोन बगनार? मी सासूला सोडून यीऊ का?" ताईचं काही चुकत नव्हतं. चुकत नव्हतं म्हणूनच राग आला. पुढचा आठवडा मी स्वतःला समजावण्यात घालवला. आयर्लंडला इंग्रजी चालतं. आयर्लंडला मेंढ्या आहेत. एक वर्ष म्हणजे काय, डोळे मिटून उघडले की संपतं. जर्मनीला अजून नाही म्हणून कळवलं नव्हतं. बोट त्या बटणापर्यंत जायचं आणि काहीतरी काम आठवायचं. आधी अण्णांना सांगू, मग कळवू, असं म्हणून मी शनिवारची बस धरली, आणि फाट्यावर उतरले.

घरी अण्णा कोंडवाड्याची जाळी बांधत होते.

"बोर्ड बघितलात?" मी पिशवी आपटली.

"बगितला. चांगला झालाय."

"चांगला? मी जर्मनीला जाते असं कुणी सांगितलं त्यांना?"

"भाऊनं लावलाय." भाऊ म्हणजे आमच्या गावचे पुढारी. त्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं, त्यांची बायकोसुद्धा. "उद्या सकाळी सत्कार ठिवलाय मारुतीपशी. आईचं ते जांभळं पातळ नेस."

"अण्णा, मी आयर्लंडला जाणार आहे. तेच सांगायला आलते. भाऊंना जाऊन सांगा, चुकलंय म्हणून."

अण्णांनी जाळीची गाठ ओढली, सोडली, परत ओढली. "आता बोर्ड लागलाय," ते म्हणाले.

"म्हणून? भाऊंना आयर्लंड ठाऊक नाही म्हणून मी देश बदलायचा?"

"गावानं बगितलाय."

माझा तोल गेला. मी म्हणाले, आयुष्य माझं आहे, गावाचं नाही, आणि त्या बोर्डावर झेंडासुद्धा धड नाही. म्हणाले, तुम्हाला भाऊंची भीती वाटते. म्हणाले, आई असती तर तिनं असं चालू दिलं नसतं. हे शेवटचं तोंडातून जायला नको होतं. अण्णांनी जाळी बांधून संपवली. त्यांनी कुत्र्याला भाकरी टाकली आणि स्वतः जेवायला बसले. आम्ही जेवलो, भांडी घासली. एका छपराखाली दोघं होतो, पण घरात कुणीच नसल्यासारखं वाटत होतं.

सकाळी मी जांभळं पातळ नेसले. मारुतीपुढं सतरंजी, खुर्च्या आणि किर्रर्र आवाज करणारा लाउडस्पीकर. "माईक धर बे नीट," असं एका माणसावर खेकसून भाऊंनी भाषण सुरू केलं. आपल्या गावची लेक जर्मनीच्या लोकांना शिकवायला चालली आहे, असं त्यांनी सांगितलं. मी शिकायला चालले होते, पण तेवढा फरक टाळ्यांत वाहून गेला. मला शाल घातली, नारळ दिला, फेटा बांधला. तो इतका आवळून बांधला की भुवया वर गेल्या आणि सगळ्या फोटोंत मी चकित झालेली दिसते. बायकांनी ओवाळलं. एका म्हातारीनं माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि विचारलं, "तिकडं भाकर मिळती का गं, बाई?" एवढी माणसं माझ्याकडे बघत होती आणि एकालाही मी कुठं जायचं ठरवलंय ते माहीत नव्हतं. अण्णा सगळ्यात मागं, लिंबाखाली, चपला हातात घेऊन उभे होते.

लोक पांगल्यावर मी भाऊंना गाठलं. फेटा काढून हातात घेतला होता.

"भाऊ, बोर्ड उतरवा. देश चुकलाय. मला आयर्लंडला जायचंय."

भाऊ खुर्च्या मोजून घेत होते. ते थांबले. "चुकला न्हाई. तुज्या बापानं सांगितलं तेच लिवलंय."

"अण्णांनी?"

"मग? म्या काय सपनात बगितलं? माज्या दारात आलता. मेंढरं कुनाच्या रानात गेल्याच्या भांडनाशिवाय तो कवा दारात येत न्हाई. म्हनला, भाऊ, पोरीचा बोर्ड लावा. म्हनलं लावू की, तिला येऊ दे, चांगला फोटू काडू. तर म्हनला, न्हाई, ती यायच्या आदी लावा. अन् जर्मनीच लिवा, दुसरं काई नगं."

"पण कावून?" माझ्या तोंडून 'का'च्या जागी गावचा शब्द निघाला.

भाऊंनी इकडंतिकडं बघितलं. एरवी माइकशिवाय न बोलणारा माणूस, पण त्यांनी आवाज खाली आणला. "म्हनला, पोरगी माज्यापाई जवळचं धरील. बोर्ड लागला म्हंजी तिला मागं फिरता यायचं न्हाई." त्यांनी एक खुर्ची दुसरीवर चढवली. "अन् म्हनला, मलाबी फिरता यायचं न्हाई. न्हाईतर येखाद्या दिशी माज्याच तोंडून जाईल, नगं जाऊ म्हनून."

मी हातातला फेटा गुंडाळायला लागले.

"त्याचाबी फोटू टाकतो म्हनलं," भाऊ खुर्च्यांकडे वळत म्हणाले. "तर म्हनला, माजा नगं. जानारी ती हाय."

मारुतीच्या पायरीवर मी बसले, अंगावर शाल, मांडीवर नारळ. त्या शनिवारची संध्याकाळ मला पुन्हा पहिल्यापासून दिसायला लागली. 'मनाजोगतं कुठलं हाय' असं विचारून अण्णांनी उत्तराची वाटच बघितली नव्हती. त्यांना ते आधीच मिळालं होतं. जर्मनीचं सांगता सांगता माझा चहा निवून त्यावर साय धरली होती आणि आयर्लंडला मी दोन वाक्यांत उरकलं होतं. हे जन्मभर मुक्या जनावरांमागं हिंडलेल्या माणसाला न कळायला काय झालं? मेंढ्यांचे फोटो त्यांना आवडले होते ते मेंढ्यांमुळे. बाकी सगळं मी मनानं जोडलं होतं. मला रडू आलं ते मात्र या कशामुळे नाही. घरात आपण दोघंच, आणि आपल्याला एकमेकांशी बोलायला फाट्यावर बोर्ड लावावा लागतो, याचं आलं.

पातळ तसंच ठेवून मी रानात गेले. अण्णा बाभळीच्या शेंगा पाडत होते आणि मेंढरं त्यांच्या भोवती तोंड वर करून उभी होती. मी काठी घेतली आणि पलीकडच्या फांदीच्या पाडायला लागले. पाडता पाडता मी म्हणाले, "मी जर्मनीला जाते, अण्णा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "बोर्ड लागलाय म्हनल्यावर जावंच लागंल की."

"होय. गावाच्या तोंडाला कोण लागणार."

"तेच की."

एवढंच. भाऊंनी मला सांगितलं हे त्यांना कळलं का, मला ठाऊक नाही. त्यांनी कबूल केलं नाही, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ते 'मला काय कळतंय त्यातलं' म्हणाले असते आणि आम्ही परत जिलेबी ढकलत बसलो असतो. ताईला मी बोर्डाचंच कारण सांगितलं. ती भाऊंना भरपूर बोलली आणि मग म्हणाली, महिन्यातून एकदा मी येत जाईन. तीही बोर्डापुढं हरली.

जायच्या दिवशी अण्णा फाट्यापर्यंत आले. पुढं विमानतळापर्यंत ताईचे मालक येणार होते. अण्णांना मी चला म्हटलं, तर मेंढरांचं कोण बघणार, म्हणाले. बोर्ड तोवर उन्हानं जरा विटला होता आणि एका कोपऱ्यात सुटून वाऱ्यावर फडफडत होता. माझी टोपी पुढं-मागं होत होती. आम्ही दोघं त्याच्याखाली उभे राहून बसची वाट बघत होतो. मला खूप काही बोलायचं होतं. मी म्हणाले, "गुडघ्याला तेल लावत जा." ते म्हणाले, "व्हय." मग बस आली. खिडकीतून मी बघितलं तेव्हा ते बसकडे बघत नव्हते. सुटलेला कोपरा बांबूला बांधत होते.

इथं मी ज्या गावात राहते तिथं संध्याकाळी आवाज म्हणून नसतो. शेजारच्या खोलीत कोण राहतं ते मला दार लागल्याच्या आवाजावरून माहीत आहे, चेहऱ्यावरून नाही. काम मनाजोगतं आहे, अगदी हवं तसं. प्रयोगशाळेत पहिल्यांदा मेंढीच्या पोटातला थेंब काचेखाली बघितला आणि त्यात ते हजारो जीव वळवळताना दिसले, तेव्हा कुणालातरी ओढून आणून दाखवावंसं वाटलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं मान वर करून हसून बघितलं आणि परत खाली घातली. ते सगळं मनात साठवून मी सुट्टीच्या दिवशी अण्णांना सांगते. दुपारी मी फोन लावते तेव्हा तिकडे संध्याकाळ असते, मेंढरं परतलेली असतात. ते फोन इतका जवळ धरतात की मला बहुतेक वेळा एक कान दिसतो. मी जंतूंचं सांगते. कान ऐकत राहतो.

परवा त्यांनी कोकरं दाखवायला फोन उलटा केला. कोकरं दाखवून झाली आणि फोन तसाच हातात राहिला असावा, कारण मग नुसतं अंगण हलायला लागलं: कुत्रं, पाण्याची कोठी, कडब्याची गंजी. आमच्याकडे जुने बोर्ड कडब्यावर झाकायला टाकतात. गावात कुठंही बघा, गंजीवर एखादा नेता आभाळाकडे बघत हात जोडून पडलेला असतो. आमच्या गंजीवरही बोर्ड होता. पण त्याची पांढरी बाजू वर होती. दोरी नीट आवळलेली, कोपरे आत दुमडलेले. एका कडेला कापड जरासं वळलं होतं, तिथून विमानाचं शेपूट दिसलं.

"अण्णा, तो बोर्ड माझा का?"

"व्हय. वाऱ्यानं पडला, म्हनून आनला घरी."

"मग उलटा कावून टाकलाय?"

अण्णांचा कान परत आला. मागं मेंढरं ओरडत होती.

"उन्हानं रंग उडतुय," ते म्हणाले. "दोन वर्सं टिकाया पायजी."